पाकिटामागची पाककृती

वाढदिवसाच्या टेबलावर हल्ली केकच्या शेजारी एखाद्या उंच बरणीत काड्यांवर लावलेल्या कुकीज उभ्या केलेल्या दिसतात. आइस्क्रीमला असते तशी चपटी लाकडी काडी, तिच्या टोकाला तळहाताएवढी गोल कुकी आणि तिच्यात रुतलेले चॉकलेटचे काळसर तुकडे. मुलांना ती मिरवत खाता येते आणि घरातल्यांचे बशा विसळण्याचे काम वाचते. घरी हा घाट घालणाऱ्यांना मात्र पहिल्याच खेपेस एक धडा मिळतो. पीठ सैल आणि कोमट असेल, तर ओव्हनमध्ये ते ट्रेभर पसरते, काडी उघडी पडते आणि उचलताक्षणी कुकी मोडून हातात येते. पीठ मळल्यावर ते फ्रिजमध्ये चांगले घट्ट होऊ द्यावे आणि मगच त्याच्या गोळ्यात काडी खोचावी, हा त्यावरचा उपाय. पीठ रात्रभर थंड ठेवण्याची ही शिस्त ज्या बाईंनी आपल्या पुस्तकातून घराघरांत पोहोचवली, त्याच बाईंनी कुकीच्या पिठात चॉकलेटचे तुकडेही पहिल्यांदा लोकप्रिय केले. त्यांचे नाव रूथ ग्रेव्हज वेकफिल्ड.

हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या कल्पनेची चव मात्र सर्वांना ठाऊक आहे. पार्ल्याच्या प्रसिद्ध कंपनीने १९९० च्या दशकात 'हाइड अँड सीक' हे चॉकलेटच्या कणांचे बिस्किट बाजारात आणले, तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या घरांत 'चॉकलेट चिप' हा शब्द रुळला. त्या शब्दामागे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका गावातले स्वयंपाकघर आहे, हे पाकिटावर कुठे लिहिलेले नसते.

रूथ वेकफिल्ड यांच्याविषयी जगभर एक गोष्ट सांगितली जाते. एके दिवशी त्यांच्या खानावळीत कुकीज करायला घेतल्या असता वितळवण्याचे चॉकलेट संपल्याचे ध्यानात आले. हाताशी असलेली दुसऱ्या जातीच्या चॉकलेटची वडी त्यांनी फोडून पिठात टाकली. भट्टीत ते विरघळून पिठाशी एकजीव होईल, अशी त्यांची अटकळ होती. ते विरघळले नाही. तुकडे जागच्या जागी राहिले आणि एका गोड अपघातातून जगातील सर्वांत लाडकी कुकी जन्माला आली. या गोष्टीची आणखीही रूपे आहेत. एकात चॉकलेटऐवजी अक्रोड संपलेले असतात. दुसऱ्या एका रूपात तर पीठ घुसळणाऱ्या यंत्राच्या हादऱ्याने फळीवरचे चॉकलेट आपोआप खाली पडते.

गोष्ट गोड आहे, यात शंका नाही. तिच्यातून उभी राहणारी बाई मात्र धांदरट, नशीबवान आणि आपण काय करतो आहोत याची कल्पना नसलेली अशी आहे. प्रत्यक्षातील रूथ वेकफिल्ड यांचे आयुष्य पाहिले, तर या चित्राशी त्याचा मेळ बसत नाही.

त्यांचा जन्म १७ जून १९०३ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. माहेरचे नाव रूथ ग्रेव्हज. फ्रेमिंगहॅम येथील सरकारी अध्यापक विद्यालयाच्या गृहकला विभागातून त्या १९२४ साली पदवीधर झाल्या. 'गृहकला' हा शब्द आज थोडा करमणुकीचा वाटेल. त्या काळच्या अमेरिकेत मात्र, विशेषतः बोस्टनच्या आसपासच्या टापूत, तो गांभीर्याने घेतला जात असे. फॅनी फार्मर यांचे १८९६ सालचे पाकशास्त्राचे पुस्तक याच बोस्टनमधून निघाले. मूठभर, चिमूटभर, अंदाजाने या भाषेला त्यांनी रजा दिली आणि सपाट भरलेला कप, सपाट भरलेला चमचा हे माप घरोघरी नेले. स्त्रियांना विज्ञानशाळांची दारे जेमतेम उघडली जात असताना गृहविज्ञान ही रसायनशास्त्राकडे जाणारी मागची वाट होती. अन्न तापवले की त्यात काय बदल होतात, सोडा कशाशी संयोग पावतो, मेद किती उष्णतेला वितळतो, हे सारे या अभ्यासक्रमात शिकवले जाई. रूथ या परंपरेत तयार झाल्या होत्या.

शिक्षण संपल्यावर जोड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रॉक्टन शहरातील माध्यमिक शाळेत त्यांनी गृहविज्ञान शिकवले. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणूनही त्यांनी काम केले. १९२६ साली केनेथ वेकफिल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. नोकरी, संसार आणि निवृत्ती या सरळ रेषेत त्यांचे आयुष्य गेले असते, तर आज त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण पडले नसते.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. बँका बुडू लागल्या आणि माणसे रस्त्यावर आली. हॉटेल काढण्यासाठी याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. वेकफिल्ड दांपत्याने १९३० साली नेमके तेच केले. बोस्टनच्या दक्षिणेला, न्यू बेडफर्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्हिटमन नावाचे गाव आहे. तेथील एक जुने घर त्यांनी आपली सारी पुंजी ओतून विकत घेतले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिथे 'टोल हाउस इन' सुरू केले. मोटारी वाढल्या होत्या. बोस्टनची माणसे सुटीत समुद्रकिनाऱ्याकडे जात आणि वाटेत जेवायला थांबत. टोल हाउस म्हणजे जकातनाका. पूर्वी घोडागाड्या येथे थांबत, जकात भरत, घोडे बदलत आणि प्रवासी दोन घास खात, अशी जुन्या काळाची हवा या नावातून निर्माण केली गेली. घराच्या पाटीवर बांधकामाचे साल १७०९ असे रंगवले होते. खाद्यइतिहासाच्या अभ्यासकांनी पुढे कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा हे घर १८१७ सालचे असून तिथे जकातनाका कधीच नव्हता, असे निघाले. व्यवसायाची जाण वेकफिल्डबाईंना किती होती, याचा हा पहिला पुरावा. अपघाताच्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यायला हवा.

सुरुवात मोजक्या टेबलांनी झाली. काही वर्षांतच बसण्याच्या जागा अनेक पटींनी वाढवाव्या लागल्या. भर मंदीत गिऱ्हाईक टिकले आणि वाढले, त्याला चवीइतकीच शिस्तही कारणीभूत होती. टेबलावरच्या चादरीची घडी कशी असावी, काटे-चमचे कुठे ठेवावेत, पाहुण्याशी वाढपिणीने कसे बोलावे, याचे लेखी नियम होते आणि त्यात सवलत मिळत नसे. न्यू इंग्लंड प्रांताचे घरगुती जेवण, लॉबस्टरचे पदार्थ आणि त्याहून वरचढ मिष्टान्ने ही या जागेची ख्याती. रस्त्यावरच्या चांगल्या खाणावळींची यादी छापणारे डंकन हाइन्स यांच्यासारखे चोखंदळ प्रवासीही या स्वयंपाकघराचे चाहते झाले होते. वेकफिल्डबाईंचे पाककृतींचे पुस्तक 'टोल हाउस ट्राइड अँड ट्रू रेसिपीज' १९३० च्या दशकात निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. करून पाहिलेल्या आणि खात्रीच्या पाककृती, असा त्या नावाचा अर्थ. पुस्तकाला हे नाव देणारी बाई अंदाजाने चॉकलेट टाकून पाहील, हे पटायला जड जाते.

स्वतः वेकफिल्डबाईंनी उतारवयात दिलेली हकिगत साधी आहे. टोल हाउसमध्ये आइस्क्रीमबरोबर बटरस्कॉचच्या चवीची, अक्रोड घातलेली पातळ कुकी दिली जाई. ती लोकांना आवडे. तरीही काहीतरी वेगळे द्यावे असे त्यांना वाटू लागले आणि त्या विचारातून ही नवी कुकी आकाराला आली. त्यांच्या मदतीला स्वयंपाकघरातील सहकारी सू ब्राइड्स होत्या. साल १९३८ च्या आगेमागे. या हकिगतीत नाट्य नाही, कदाचित म्हणूनच ती अपघाताच्या गोष्टीपुढे फिकी पडली.

अभ्यासकांनी दुसराही एक मुद्दा मांडला आहे. गृहविज्ञान शिकलेल्या आणि शिकवलेल्या व्यक्तीला वडीचे चॉकलेट पिठात कसे वागेल, हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. चॉकलेटमधील कोकोचा मेद अंगाच्या उष्णतेलाही मऊ होतो, हे खरे. परंतु साखर आणि कोकोचे बारीक कण त्याला धरून ठेवतात, आणि भोवतालचे पीठ काही मिनिटांत शिजून त्याच्याभोवती भिंत उभी करते. न ढवळता ते पिठात मिसळणार नाही. त्यासाठी ते आधीच वितळवून घालावे लागते. केकच्या पिठात चॉकलेट मिसळणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे कळते, मग शेकडो माणसांना रोज गोड खाऊ घालणाऱ्या बाईला ते कसे कळणार नाही?

१९३८ च्या आवृत्तीत ही पाककृती 'टोल हाउस चॉकलेट क्रंच कुकी' या नावाने छापली गेली. तिचे प्रमाण पाहिले की बाईंचा हात कळतो. एक कप बटर, पाऊण कप पांढरी साखर आणि पाऊण कप ब्राउन शुगर. दोन अंडी, सव्वादोन कप मैदा, एक चमचा मीठ. एक चमचा सोडा, तोही चमचाभर गरम पाण्यात विरघळवून. व्हॅनिला, कपभर चिरलेले अक्रोड आणि नेस्लेच्या अर्धगोड चॉकलेटच्या वड्या, सुरीने वाटाण्याएवढ्या कापलेल्या. दोन प्रकारची साखर घेण्याला कारण आहे. पांढऱ्या साखरेने कुकी कुरकुरीत होते, ब्राउन शुगरमधील काकवीचा अंश तिला ओलावा आणि बटरस्कॉचची चव देतो, शिवाय त्यातील किंचित आंबटपणामुळे सोडा काम करू लागतो. मिठाचा पूर्ण चमचा हा तर धाडसाचा भाग. गोडाला उठाव यावा म्हणून मीठ, ही गोष्ट आज मोठमोठे शेफ नव्याने सांगतात. अर्ध्या चमच्याएवढे गोळे ट्रेवर सोडायचे आणि ३७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १९० अंश सेल्सिअसला, दहा ते बारा मिनिटे भाजायचे. एवढ्या साहित्यात शंभर कुकीज होतात.

शंभर हा आकडा वाचून आजचा वाचक थबकेल. मूळची टोल हाउस कुकी रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याहून फार मोठी नव्हती आणि नावाप्रमाणे कुडकुडीत होती. तळहाताएवढी, मऊ, मध्ये ओलसर कुकी हे तिचे नंतरचे, अधिक खादाड रूप. काडीवर उभी राहणारी कुकी तर त्याच्याही पुढची. मूळच्या प्रमाणात बटर बरेच असल्याने पीठ उष्णतेला चटकन पसरते, म्हणून काडीसाठी ते थंड करणे जास्तच गरजेचे ठरते. टोल हाउसमध्ये पीठ रात्रभर थंड ठेवत, ते काडीसाठी नव्हे. मैद्याने ओलावा शोषून घ्यावा, चव मुरावी आणि कुकी एकसारखी गोल व्हावी, यासाठी.

पाककृती पुस्तकातून बाहेर पडली आणि वणव्यासारखी पसरली. बोस्टनच्या वृत्तपत्रांनी ती छापली. १९३९ साली बेटी क्रॉकर या नावाने चालणाऱ्या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात नामांकित खाणावळींच्या पदार्थांची मालिका झाली, तीत टोल हाउसची कुकी देशभर ऐकली गेली. बेटी क्रॉकर ही एका पीठ कंपनीने निर्माण केलेली काल्पनिक गृहिणी. खऱ्या बाईची कीर्ती काल्पनिक बाईने देशाला ऐकवावी, हाही योगच.

नेस्ले कंपनीच्या अर्धगोड चॉकलेटचा खप वाढू लागला होता. या वाढीमागे एका खानावळीची कुकी आहे, हे कंपनीला कळायला वेळ लागला नाही. मार्च १९३९ मध्ये वेकफिल्डबाईंनी आपली पाककृती आणि 'टोल हाउस' हे नाव वापरण्याचा हक्क नेस्लेला दिला. मोबदला एक डॉलर. तो डॉलरही आपल्याला कधी मिळाला नाही, असे त्या पुढे म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. याशिवाय कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून मानधन दिले आणि आयुष्यभर पुरेल एवढे चॉकलेट देण्याचे कबूल केले, असेही सांगतात.

या व्यवहाराकडे कसे पाहावे? आजच्या हिशेबाने ती लूट वाटते. नेस्लेने त्या पाककृतीवर गेल्या आठ दशकांत किती कमावले, याची मोजदाद करणेही अवघड. वड्या कापायचा त्रास वाचावा म्हणून कंपनीने आधी खाचा पाडलेली वडी आणि सोबत छोटेसे कापायचे हत्यार दिले. लगोलग तयार थेंबाएवढे तुकडेच पाकिटात भरून विकायला सुरुवात केली. चॉकलेट चिप्स म्हणून जगभर विकला जाणारा पदार्थ तो हाच. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर वेकफिल्डबाईंची पाककृती छापलेली असे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पाककृतीवर कायद्याने मालकी सांगणे तेव्हाही कठीण होते आणि आजही आहे. पुस्तकात छापलेली कृती कुणीही करू शकत होते. पाकिटावर टोल हाउसचे नाव जाणे ही खानावळीची फुकट जाहिरात होती, आणि वेकफिल्डबाई जाहिरातीचे मोल ओळखणाऱ्या होत्या. त्यांनी कमी किंमत घेतली हे खरे, पण त्या फसल्या असे म्हणणे म्हणजे अपघाताची गोष्टच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणे होय.

गमावले ते दुसरेच काही. पाककृती पाकिटावर गेली, तसे टोल हाउस हे घर न राहता चॉकलेटचा छाप झाला. लक्षावधी घरांत ही कुकी भाजली जाऊ लागली. आजीची खास कृती म्हणून ती नातींना सांगितली जाऊ लागली. 'फ्रेंड्स' या मालिकेच्या २००० सालच्या एका भागात मोनिका फीबीच्या आजीच्या गुप्त पाककृतीचा शोध घेते आणि ती नेस्लेच्या पाकिटामागची निघते, तो विनोद अनेकांना आठवत असेल. अमेरिकन प्रेक्षक त्यावर मनापासून हसला, कारण त्याच्याही घरातली गुप्त पाककृती तीच होती. त्या हसण्यात रूथ वेकफिल्ड हे नाव मात्र कुणाच्या मनात आले नसेल.

दुसऱ्या महायुद्धाने या कुकीला देशाबाहेर नेले. मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांना घरून येणाऱ्या डब्यांत टोल हाउसच्या कुकीज असत. प्रवासात त्या टिकत, फारशा मोडत नसत आणि तंबूतल्या सोबत्यांना वाटता येत. मग टेक्सासचा किंवा आयोवाचा शिपाई घरी पत्र पाठवून त्याच कुकीज मागू लागे. इकडे साखर आणि बटर रेशनवर होते. तरीही सैनिकासाठी कुकीज पाठवा, अशा जाहिराती नेस्ले करीत राहिली आणि बायका आपल्या वाट्याची साखर बाजूला काढून ठेवत राहिल्या. युद्ध संपेपर्यंत न्यू इंग्लंडची ही प्रांतिक कुकी साऱ्या अमेरिकेची झाली होती.

वेकफिल्ड दांपत्याने सुमारे साडेतीन दशके टोल हाउस चालवले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते विकून निवृत्ती पत्करली. पुढच्या मालकांनी तिथे नाइट क्लब चालवून पाहिला, तो गावाला रुचला नाही. १९७० च्या दशकात नव्या कुटुंबाने जागा घेऊन तिला पुन्हा जुन्या वळणाचे उपाहारगृह केले. रूथ वेकफिल्ड यांचे १० जानेवारी १९७७ रोजी प्लिमथ येथे निधन झाले. वय ७३ वर्षे. देशातल्या मोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्या मृत्यूची फारशी दखल घेतली नाही.

१९८४ सालच्या अखेरच्या रात्री, नववर्षाच्या स्वागताची गडबड सुरू असताना, टोल हाउसच्या स्वयंपाकघरातून आग लागली आणि इमारत जळून गेली. ती पुन्हा बांधली गेली नाही. त्या ठिकाणी फास्ट फूडचे दुकान आले आणि रस्त्याच्या कडेला एक खुणेचा फलक उरला.

१९९७ साली सॉमरसेट गावातील तिसरीच्या मुलांनी विधिमंडळाकडे एक मागणी केली. मॅसॅच्युसेट्स राज्याला स्वतःचा पक्षी आहे, फूल आहे, तशी अधिकृत कुकीही असावी आणि ती चॉकलेट चिप असावी. स्पर्धेत अंजिराची 'फिग न्यूटन' होती. तिचे नाव याच राज्यातील न्यूटन गावावरून पडलेले, त्यामुळे तिचाही दावा वजनदार होता. मुलांची सरशी झाली आणि चॉकलेट चिप ही राज्याची अधिकृत कुकी ठरली.

आपण ज्यांच्या मृत्यूची नोंद घ्यायला चुकलो, अशा स्त्रियांचे मृत्युलेख उशिरा का होईना छापण्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१८ साली ठरवले. त्या मालिकेत रूथ वेकफिल्ड यांचे नाव आले, त्यांच्या निधनाला तेव्हा एकेचाळीस वर्षे होऊन गेली होती. पाकिटाच्या मागची पाककृती अजून जवळजवळ तीच आहे. सोडा गरम पाण्यात विरघळवण्याची पायरी तेवढी गळाली आहे.